किल्लीची साक्ष

मी एक किल्ली बोलतेय, आणि मला बोलावं लागतंय याचाच मला आधी राग आहे.

बोलणं हे माझं काम नव्हे. कुलपात शिरायचं, अर्धा वळसा घ्यायचा, बाहेर यायचं, एवढंच माझं काम. ज्याच्या खिशात मी इतकी वर्षं काढली त्याला देवाने चांगलं खणखणीत तोंड दिलंय. मंडळाच्या कार्यक्रमात त्याला माइक लागत नाही. पण नेमकी बोलायची वेळ आली तेव्हा तो गप्प राहिला. म्हणून मी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिलं आठवतं ते शारजातल्या एका पोस्टाचं काउंटर. मी तारेत ओवलेली होते आणि शेजारी माझी जुळी बहीण होती. इथे घरोघर पोस्टमन येत नाही. पत्र येतं ते पोस्टाच्या भिंतीत बसवलेल्या लहान लहान पेट्यांमध्ये, आणि पेटी असते कंपनीच्या नावाने. कंपनीत माणसं किती का असेनात, पेटी एकच. दुबईच्या मुहैस्नाह भागातल्या कामगारांच्या कॅम्पात एकावर एक बिछान्यांवर झोपणारी शेकडो माणसं, देशोदेशीची, निरनिराळ्या भाषा बोलणारी. पण कागदावर त्या सगळ्यांचा या जगातला पत्ता एकच होता. ती पेटी, आणि तिची किल्ली मी.

माझा पहिला मालक केरळचा एक म्हातारा क्लार्क. तो मला गळ्यातल्या दोऱ्यात बांधायचा. तेव्हा पत्रं येत असत. तो पिशवी घेऊन कॅम्पाच्या मेसमध्ये जायचा आणि नावं पुकारायचा. सगळ्या देशांची नावं तो आपल्या मल्याळी उच्चारात पुकारायचा, त्यामुळे मेसमध्ये हशा पिकायचा. पण पत्र मात्र ज्याचं त्यालाच. 'वो ड्यूटी पे है, मुझे दे दो' असं कोणी म्हटलं तर म्हातारा मान हलवून पत्र परत पिशवीत टाकायचा. निवृत्त होऊन गावी जाताना त्याने मला दत्तप्रसादच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "साब, लोगों को हाथ में देना. हाथ में."

दत्तप्रसाद हसून म्हणाला, "हां हां, चाचा."

दत्तप्रसाद वालावलकर. कंपनीचा ॲडमिन मॅनेजर. मूळचा ठाण्याचा, राहायला अल नाहदात, ऑफिस शारजा औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. कंपनी साफसफाईची आणि पहाऱ्याची कामं घेते. मी त्याच्यावर चिडलेली आहे, पण खोटं सांगणार नाही. माणूस वाईट नाही. कामगार आजारी पडला तर दवाखान्यात हा. कोणी दगावलं तर कागदपत्रांच्या मागे उन्हात फिरणारा हाच. त्याने मला गाडीच्या आणि घराच्या किल्लीबरोबर एका कड्यात अडकवलं, त्या कड्याला छोटासा गणपती होता. माझी जुळी बहीण आधीच कोणाकडून तरी हरवली होती. म्हणजे त्या पेटीला जगात मी एकटीच, आणि मी होते दत्तप्रसादच्या खिशात.

पुढे पत्रं येईनाशी झाली. सगळे फोनवर बोलू लागले. पेटीत बँकेची कार्डं, टेलिफोन कंपन्यांच्या जाहिराती, एवढंच. दोन-दोन आठवडे मला कुलपाचं तोंड दिसत नसे. मी खिशात पडून माणसांचं बोलणं ऐकत बसायची. तिथेच मला त्याच्या दोन गोष्टी कळल्या. त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली म्हणजे त्याचं मंडळ. आपल्या मराठी मंडळाचा तो सेक्रेटरी. दर वेळी बिनविरोध. वार्षिक सभेच्या आधी तो गाडी चालवता चालवता एकेकाला फोन लावतो.

"काय रे अनिल, येतोयस का सभेला?"

"अरे, शुक्रवारी अबुधाबीला जायचंय."

"मग तुझी सही मी मारतो."

"मार की! माझ्यापेक्षा तूच बरी मारतोस."

खरंच बरी मारतो. निम्म्या मंडळाच्या सह्या त्याच्या हाताला पाठ आहेत. कोणाची तिरकी, कोणाची गोल, कोणाची शेवटी शेपटी काढलेली. यात काही गैर आहे असं त्याला वाटत नाही आणि मंडळात कोणालाच वाटत नाही. नाटक कुठलं आणायचं आणि मोदक कोणाकडून घ्यायचे, यापलीकडे त्या सह्यांवर काही ठरतही नाही. 'लोकांचा त्रास वाचवला' असं तो म्हणतो, आणि ते त्याला मनापासून पटलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्याची ठाण्याची कहाणी. एका निवडणुकीला तो रजा काढून, तिकीट काढून, फक्त मत द्यायला ठाण्याला गेला. रांगेत उभा राहिला. आत गेल्यावर टेबलावरचा माणूस म्हणाला, "वालावलकर? तुमचं मत झालंय की."

ही कहाणी मी किती पार्ट्यांमध्ये ऐकली! तो उभा राहून सांगतो, हातवारे करतो. "साडेबाराशे दिरहम तिकीट! म्हणजे तेव्हाचे चोवीस हजार रुपये! आणि तो शहाणा मला म्हणतो, झालंय! अरे, मी इथे उभाय ना तुझ्यासमोर, जिवंत! मग माझ्या नावावर कोण येऊन गेला?" लोक हसतात. तो हसत नाही. सांगून झाल्यावर तो खिशात हात घालतो आणि मुठीत मला घट्ट दाबून धरतो. तो राग खरा आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

आता या वर्षीचं.

आमच्या कॅम्पात एका बेटांच्या देशाचे बरेच कामगार आहेत. त्या देशाचं नाव मी घेणार नाही, सगळ्या देशाला दोष द्यायचा नाही. त्यांची राष्ट्रीय निवडणूक जवळ आली. परदेशात राहणाऱ्यांना मतपत्रिका टपालाने येते. लिफाफ्यावर एक चिठ्ठी असते. लिफाफा मिळाला म्हणून त्यावर सही करून ती फाडून परत द्यायची, मग मतावर खूण करून लिफाफा आपल्या वकिलातीत पाठवायचा. आणि हे टपाल आलं कुठल्या पत्त्यावर? माझ्या पेटीच्या. पेटीत मावेना म्हणून पोस्टाने एक गोणीच काउंटरवर काढून ठेवली. दत्तप्रसादने माझ्याने पेटी उघडली, आतले लिफाफे काढले, गोणी गाडीच्या डिकीत टाकली आणि मला वाटलं, बऱ्याच दिवसांनी मेसमध्ये नावं पुकारली जाणार.

दुसऱ्या दिवशी हारुन आला.

हारुन त्याच बेटांचा. कामगार पुरवणारा एजंट. अत्तराचा वास त्याच्या आधी दारातून आत येतो. खजुराचा डबा टेबलावर ठेवून तो म्हणाला, "दत्ता भाई, सुना है हमारे मुल्क का कुछ सामान तुम्हारे पास आया है."

"हो, संडे को कॅम्प में बाँट दूँगा."

"तुम क्यों तकलीफ करते हो? मेरे लड़के हैं, मैं बाँट दूँगा. तुम इंडिया के, कंपनी यहाँ की, इलेक्शन हमारा. बीच में फँसोगे तो जवाब कौन देगा?"

दत्तप्रसादने जनरल मॅनेजर नीरवला फोन लावला. नीरव विमानतळावर होता. मागे घोषणा ऐकू येत होत्या.

"दत्ताजी, पॉलिटिक्स में नहीं पड़ने का. हारुन को दे दो, खलास. उसका कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होना है, उसको नाराज मत करो. यल्ला, चलो, बोर्डिंग है."

गोणी गेली. माझ्यासमोर गेली. त्यात दत्तप्रसादने एक दमडी घेतली नाही. घेतली असती तर निदान आपण काय करतोय हे त्याला कळलं असतं. त्याला वाटलं, एक काम मार्गी लागलं. जाता जाता हारुन म्हणाला, "भाई, वो मिलने की चिट्ठियाँ? लड़के नाइट शिफ्ट में हैं, कहाँ ढूँढता फिरूँगा. तुम ॲडमिन हो, तुम ही साइन मार दो."

आणि माझा मालक, ज्याला ठाण्याचं आठवलं की अजून झोप लागत नाही, तो खुर्ची पुढे ओढून बसला. एक सही तिरकी, एक गोल, एका सहीला शेवटी शेपटी. मंडळाची सभा असावी तसा. हारुन शेजारी उभा राहून चिठ्ठ्या फाडत होता आणि मधूनच म्हणत होता, "वाह, क्या हाथ है!"

मी टेबलावर त्याच्या कोपराशी पडले होते. जागची हलू शकत नव्हते.

पुढचे काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग हमदुल्लाने विचारलं.

हमदुल्ला त्याच बेटांचा, आमच्याच ऑफिसात फरशी पुसतो. त्याचं बेट लहान आहे आणि तिथे खाण यायचीय. खाण आली तर त्याच्या आईचं घर आणि मासे सुकवायची जागा, दोन्ही जाणार. एक उमेदवार खाणीच्या बाजूचा, एक विरोधातला. हे त्याने दत्तप्रसादला फरशी पुसता पुसता सांगितलं होतं, तोडक्या हिंदीत, आणि दत्तप्रसादने लॅपटॉपवरची नजर न काढता "अच्छा, अच्छा" म्हटलं होतं.

"सर, मेरा वोट का लिफाफा आया?"

दत्तप्रसादचा हात खिशात गेला. मला धरलं. "आयेगा, इन्शाल्ला."

त्याने हारुनला फोन केला. हारुन म्हणाला, "सब बँट गया भाई, सब हो गया." ते 'हो गया' ऐकून माझ्या मालकाला ठाण्याच्या टेबलावरचं 'झालंय' आठवलं. लिफाफे वाटलेच नाहीत, मतं हारुननेच भरून टाकली, हे तेव्हाच त्याला कळलं. मी शपथेवर सांगते, तेव्हाच.

हमदुल्लाने पुन्हा विचारलं, तरीही दत्तप्रसादने पुन्हा तेच उत्तर दिलं. मग तो हमदुल्लाच्या वेळेआधी ऑफिसात येऊन दार लावून बसू लागला. हमदुल्लाने दाराबाहेर बादली ठेवली की आतला टाइप करण्याचा आवाज थांबायचा.

आणि एक दिवस एमान आली.

एमान त्याच बेटांची, मुहैस्नाहच्या एका दवाखान्यात नर्स. तिच्याबरोबर एक वयस्क गृहस्थ होते, हॉटेलात स्वयंपाकी. ती मशिदीच्या महिला मंडळाची, ते चर्चचे. त्यांच्या देशात निवडणुकीवर नजर ठेवायची ती सरकारच्या आधी मशिदी आणि चर्चच्या माणसांनी. दोघांनी मिळून. ना काठी, ना पगार. निळं जाकीट घालायचं, दिवसभर उभं राहायचं आणि जे दिसलं ते लिहून निवडणूक आयोगाला कळवायचं. इथेही वकिलातीने त्यांना तेवढी परवानगी दिलीय. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून ही माणसं लिफाफे तपासतात. आणि आपले लोक विचारतात, धर्माच्या माणसांना हा उद्योग कशाला? दत्तप्रसादनेही तेच विचारलं, जरा कुत्सितपणेच.

"मॅडम, नमाज, प्रेयर, वो ठीक है. ये वोट-बिट क्यों गिनते हो आप लोग?"

"झूठी गवाही मत दो, सर," एमान शांतपणे म्हणाली. "ये उनकी किताब में भी है, हमारी में भी. बाकी बातों पे हमारा झगड़ा होता है. इस पे नहीं."

स्वयंपाकी गृहस्थ हसले. "बिर्यानी पे भी होता है," ते म्हणाले.

मग एमानने कागद टेबलावर मांडले. मिळाल्याच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स. "सर, आपके कॅम्प के लोग बोलते हैं, लिफाफा मिला ही नहीं. लेकिन वकिलात में सबका वोट आ चुका है. और ये साइन देखिए. अलग-अलग दिखते हैं. पर मैं रोज पेशंटों के साइन लेती हूँ. ये एक हाथ है."

दत्तप्रसाद स्वतःच्या अक्षराकडे बघत होता.

आणि तो म्हणाला, "लेबर लोग हैं मॅडम. एक-दूसरे का साइन मार देते होंगे."

हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या दात्यांना गंज चढलाय. चोरी एजंटने केली, आळस मॅनेजरने केला, आणि आळ कोणावर? ज्यांचं गेलं त्यांच्यावर! दाराबाहेर हमदुल्लाची बादली होती. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

एमान चिडली नाही. तिने टेबलावर नजर टाकली. मी तिथेच होते.

"ये पोस्ट बॉक्स की चाबी है?"

"हो. म्हणजे, हाँ."

"किसके पास रहती है?"

"मेरे पास."

"हमेशा?"

"हमेशा."

"फिर वो थैला आप ही लाए, सर." ती उठली. "मैं पुलिस नहीं हूँ. आपने क्यों किया, वो भी नहीं पूछूँगी. आयोग का नियम है, जो आदमी टपाल लाया वो लिख के दे कि थैला किसको दिया, तो उस पेटी के सब वोट अलग रख देंगे. संडे शाम तक लोग वकिलात में आकर खुद वोट डाल सकेंगे. सिर्फ आपका एक बयान चाहिए."

ती गेली. दत्तप्रसादने मला उचललं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मग परत काढलं. मग परत टाकलं. निघताना गाडीच्या किल्लीसाठी पुन्हा काढावंच लागलं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना विषय निघाला. त्यानेच काढला, कोणा दुसऱ्याची गोष्ट असल्यासारखा. पण प्रमिलाताईंना नवऱ्याचा आवाज कळतो.

"अहो, तुम्ही केल्यात त्या सह्या?"

तो आमटीत भात कालवत राहिला.

"अगं, नुसत्या मिळाल्याच्या सह्या. मत मी दिलेलं नाही."

"मग आता सांगू नका कोणाला. आपला काय संबंध? नीरवने काढलं नोकरीवरून तर व्हिसा जाईल. मिहिकाचं हे शेवटचं वर्ष आहे."

मिहिका समोर बसली होती. ती इथेच वाढली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतच देते. "डोन्ट यूज माय डिग्री, आई," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, टेल मी द ठाणे स्टोरी."

"काय?"

"द ठाणे स्टोरी. यू टेल इट टू एव्हरीवन. टेल इट नाऊ."

टेबलावर मी होते, गणपती होता, लोणच्याची बरणी होती. प्रमिलाताई म्हणाल्या, "मिहिका, जेव." पण त्यांचाही घास हातातच राहिला.

मला वाटलं, आता हा उठेल. फोन उचलेल. त्याच्या मुठीत मी इतकी वर्षं राहिलेय, मला त्याची मूठ कळते. पण त्याने एक मधला मार्ग काढला. मंडळ चालवणारी माणसं मधला मार्ग फार पटकन काढतात.

रविवारी सकाळी त्याने हमदुल्लाला फोन करून खाली बोलावलं आणि स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. हमदुल्ला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सीटला पाठ टेकवायलाही कचरत होता.

"सर, आप क्यों? मैं बस से..."

"अरे बैठ. तेरा लिफाफा नहीं आया ना? सीधा जाके वोट डाल. मैं छोड़ता हूँ."

रस्ताभर दत्तप्रसाद खुशीत होता. रेडिओ लावला. वाटेत कडक चहा पाजला. त्याचं मन मला दिसत होतं. टपालाने मत आलेलं असलं तरी माणूस समोर उभा दिसला की त्याला मत देऊ देतील, आणि एकाचं मत पडलं की झालं, बाकीच्यांचं कोण विचारतंय. एका माणसाला पुढच्या सीटवर बसवून तो सगळ्या गोणीची भरपाई करायला निघाला होता.

वकिलातीबाहेर मांडव होता. आत फक्त मतदार. दत्तप्रसाद कुंपणाशी उभा राहिला. रांग हळूहळू सरकत होती. आया, सुतार, सिक्युरिटी गार्ड. बाहेर पडणारा प्रत्येक जण शाईचं बोट वर करून फोटो काढत होता.

हमदुल्ला आला तेव्हा त्याचं बोट कोरं होतं.

"सर," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता, तो गोंधळला होता. "वो बोलते हैं, मेरा वोट हो गया. टपाल से आ गया. साइन भी है." मग त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "मैं तो यहीं खड़ा हूँ, सर. फिर मेरे नाम से कौन गया?"

मी खिशात होते. माझ्याभोवतीची मूठ अशी आवळली की गणपतीचा कान त्याच्या तळहातात रुतला.

हमदुल्लाच्या मागून एमान आली. निळं जाकीट, हातात पाण्याची बाटली. तिने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. तिला काही विचारावं लागलं नाही.

"सर, अभी भी टाइम है," ती म्हणाली. "अंदर आइए. दो लाइन लिख दीजिए. इनको भी वोट मिलेगा, बाकी सबको भी. मैं बस भेजती हूँ कॅम्प में."

दत्तप्रसादने बोलण्यासाठी तोंड उघडलं. हमदुल्ला त्याच्याकडे बघत होता. अजूनही त्याला वाटत होतं की सर त्याच्याच बाजूने काहीतरी करतायत.

दत्तप्रसादने खिशातून कडं काढलं. नखाने उकलून मला सोडवलं. गाडीची किल्ली ठेवली, घराची ठेवली, गणपती ठेवला. मला एमानच्या हातात दिलं.

"ये लो. ये एक ही चाबी है. मेरा नाम मत लेना."

"मुझे चाबी नहीं चाहिए, सर. आप चाहिए."

"मेरी बेटी है."

"मेरी भी है," एमान म्हणाली.

तो वळला. आला तेव्हा दोघे होते, परत गेला तेव्हा गाडीत एकटाच. हमदुल्ला बसने गेला.

संध्याकाळी आयोगाच्या अधिकाऱ्यासमोर मला एका पारदर्शक पिशवीत ठेवण्यात आलं. एमानने त्याचं नाव सोडून सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, एकच हात, एकच पेटी, एकच किल्ली. स्वयंपाकी गृहस्थ तिच्या शेजारी उभे होते. अधिकारी दमलेला होता, पण उद्धट नव्हता. त्याने पिशवी उचलून मला उजेडात धरलं आणि खाली ठेवलं.

"सिस्टर, किल्ली तर काही बोलत नाही. माणूस आणा."

तेवढ्यात वकिलातीचं दार बंद झालं.

एमानच्या मंडळींनी दिलेल्या अहवालात माझी एक ओळ आहे. 'नाव न सांगणाऱ्या व्यक्तीने किल्ली आणून दिली.' मतमोजणी झाली. हमदुल्लाच्या भागातून खाणीच्या बाजूचा उमेदवार थोड्या मतांनी निवडून आला. त्या गोणीतल्या लिफाफ्यांनी निकाल फिरला का? मी सांगू शकत नाही, आणि आता कोणालाच सांगता येणार नाही. मला रात्रंदिवस टोचतं ते हेच.

सध्या मी चर्चच्या सभागृहामागच्या खोलीत एका पत्र्याच्या कपाटात असते. शेजारी निळी जाकिटं, शिल्लक पाण्याच्या बाटल्या. मशिदीची आणि चर्चची, दोन्ही मंडळांची माणसं सुट्टीला इथे बसतात. हमदुल्लाही येतो हल्ली. पुढच्या वेळी त्याला जाकीट घालायचंय. त्यानेच एकदा सांगितलं की सरांनी ऑफिसात सगळ्यांना किल्ली हरवली म्हणून सांगितलं, पोस्टाने कुलूप बदलून दिलं आणि सरांच्या कड्यात आता नवी, चकचकीत किल्ली आहे.

"सर ठीक हैं?" एमानने विचारलं.

"ठीक हैं. पर बोलते नहीं ज्यादा," हमदुल्ला म्हणाला. "मुझे देख के लिफ्ट नहीं लेते. सीढ़ी से जाते हैं."

म्हणजे मी हरवलेली किल्ली आहे, आणि ज्या पेटीची आहे तिचं ते कुलूपच आता नाही. माझ्याने या जगात काहीही उघडत नाही. पण मी काय पाहिलं ते पाहिलंय. गोणी कोणाला दिली, सह्या कोणी केल्या, 'लेबर लोग हैं' असं कोण म्हणालं.

दत्तप्रसाद, या दोन्ही मंडळांनी आयोगाकडे निकालावर हरकत घेतलीय. तिची सुनावणी अजून व्हायची आहे, आणि टपाल आणणाऱ्याची खुर्ची तिथे रिकामी ठेवलीय. ठाण्याच्या त्या टेबलासमोर तू ओरडलास, कारण तू समोर उभा होतास आणि तरी तुझं मत झालेलं होतं. ते ओरडणं तुझं खरं होतं, ते मी मुठीत असताना सोसलंय. तेच आता पुन्हा एकदा कर, फक्त या वेळी ज्याने सह्या केल्या त्याचं नाव घेऊन. नोकरीचं काय होईल, मला माहीत नाही. मी खोटा धीर देणार नाही. पण हमदुल्लाला टाळत रोज तो जिना चढण्यापेक्षा ते सोपं असेल.

म्हाताऱ्याने मला तुझ्या हातात ठेवताना एकच गोष्ट सांगितली होती आणि तू हसून हो म्हणाला होतास. लोकांचं जे आहे ते त्यांच्या हातात द्यायचं राहिलंय.

मला न्यायला येऊ नकोस, मी आता कशालाच लागत नाही. तूच ये. रविवारी ही खोली उघडी असते आणि एमान दारापाशीच बसते.